परदेशी हेमंत : मेक्सिकोतील चार महिन्यांची चर्या आणि द्रव्यविचार

आपल्या संहितांतील ऋतुचर्या भारतभूमीतील सहा ऋतूंना अनुसरून सांगितलेली आहे. परंतु अलीकडे आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी अनेकांची मुले परदेशी स्थायिक असतात आणि “तीन-चार महिने तिकडे राहणार आहोत, काय पाळावे?” असा प्रश्न प्रत्येक वैद्याला कधी ना कधी विचारला जातो. २०२३ च्या डिसेंबरपासून २०२४ च्या मार्चपर्यंत दक्षिण मेक्सिकोतील वाहाका या शहरी आमचे वास्तव्य झाले, त्या वेळी हा प्रश्न आम्हालाच सोडवावा लागला. प्रस्तुत लेख हे प्रवासवर्णन नव्हे. तेथील दैनंदिन जीवनात आढळलेल्या आणि आपल्या व्यवसायाला उपयुक्त वाटलेल्या बाबींची ही नोंद आहे.

देश आणि काल

वाहाका शहर सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे आपल्या सांगली-कराडच्या पट्ट्यात येते. समुद्रसपाटीपासूनची त्याची उंची मात्र सुमारे १५५० मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही अधिक आहे. पावसाळा साधारणपणे मे ते ऑक्टोबर असतो आणि पुढील सहा महिने आकाश कोरडे राहते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तापमान आठ-दहा अंशांपर्यंत उतरते, तर दुपारी ते पंचवीस अंशांच्या पुढे जाते. रात्री हेमंत आणि मध्याह्नी ग्रीष्माचा भास, असे दोन काल एकाच अहोरात्रात अनुभवास येतात. हवा रूक्ष असल्याने हा प्रदेश जांगल देशाच्या लक्षणांशी पुष्कळ जुळतो.

याचा परिणाम पहिल्या आठवड्यातच दिसू लागतो. ओठ व टाचा फुटणे, नाकाच्या आत कोरडेपणा, मलावरोध आणि निद्रेची न्यूनता ही वातप्रकोपाची लक्षणे होत. हेमंतात गुरु-स्निग्ध आहार घ्यावा, हा सामान्य नियम येथे रात्रीच्या थंडीला लागू पडतो. पण दुपारचे ऊन पाहता तो जसाच्या तसा पाळता येत नाही. आम्ही स्नेह कायम ठेवला आणि गुरुत्व कमी केले. सकाळी तिलतैलाचा अभ्यंग, नाकपुड्यांत तुपाचे बोट, दिवसभर कोमट पाणी आणि उन्हात डोके झाकणे एवढ्यावर प्रकृती स्थिरावली. तिळाचे तेल तेथे सहज मिळते, परंतु भाजलेल्या तिळांचे गडद तेल अभ्यंगासाठी घेऊ नये. बिनमिठाचे लोणी मिळत असल्याने तूप घरीच कढवता येते.

दिवसाचा क्रम

नळाचे पाणी तेथे कोणी पीत नाही. वीस लिटरचे शुद्ध पाण्याचे बुधले दारोदारी येतात; त्यांच्या विक्रेत्यांच्या आणि गॅसवाल्याच्या आरोळ्यांनीच गल्लीतील सकाळ सुरू होते. गच्चीवरील पाण्याच्या टाक्या पाहून तर आपण पुण्या-सोलापुरात आहोत असेच वाटावे. बाजारातील विक्रेत्या स्त्रियांना नावाआधी ‘दोन्या’ असे आदरार्थी संबोधन लावतात. आपल्या ‘ताई’, ‘मावशी’प्रमाणे त्या एका शब्दाने व्यवहार सोपा होतो.

आहारकालाची व्यवस्था वैद्याला समाधान देणारी आहे. सकाळी मक्याच्या पिठाची उष्ण पेज, ‘आतोले’, घेतात. दिवसाचे मुख्य भोजन दुपारी दोन ते चारच्या दरम्यान होते आणि रात्री अल्पाहार असतो. अग्नी प्रबल असता मुख्य भोजन करावे, हा आपला उपदेश तेथील जुन्या कुटुंबांत कोणी न सांगता पाळला जातो. शाकाहारी व्यक्तीने मात्र एक दक्षता घ्यावी. उसळी, तामाले इत्यादींत डुकराची चरबी असण्याचा संभव असतो; म्हणून ‘सिन मांतेका’, म्हणजे ‘चरबीविना’, हे दोन शब्द प्रथम पाठ करावेत.

बाजारातील ओळखीचे चेहरे

तेथील मंडईत परकेपणा वाटत नाही, कारण आपल्या घरातील कित्येक द्रव्यांचे मूळ अमेरिका खंडात आहे. मिरची, टोमॅटो, पेरू आणि पपई ही सारी तिकडून आलेली. ‘चिकू’ हे नावदेखील तेथील ‘चिकोसापोते’शी नाते सांगते. ज्या झेंडूवाचून आपला दसरा होत नाही, तो मेक्सिकोचा मूळ रहिवासी असून १ व २ नोव्हेंबरला तेथे मृतांच्या स्मरणार्थ त्याच्या राशी वाहिल्या जातात. उलट आंबा, चिंच आणि तीळ जुन्या जगातून तेथे गेले. १५६५ ते १८१५ या काळात मनिला आणि आकापुल्को यांदरम्यान चाललेल्या गलबतांचा या देवघेवीत मोठा वाटा होता.

आपल्या माळरानावरील पिवळा धोत्रा हाही मूळचा मेक्सिकोचा. त्याच्या शास्त्रीय नावातच ‘मेक्सिकाना’ आहे. स्वर्णक्षीरी म्हणून त्याचा उपयोग करावा की नाही, हा आपल्याकडील जुना वाद आहे. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातील याच्याच भेसळीने साथ उद्भवली होती, हे वाचकांस स्मरत असेल. ‘ओहा सान्ता’ नावाचे मोठे सुगंधी पान मात्र आपल्याला नवीन आहे. ते पिंपळी आणि नागवेल यांच्याच कुळातील असून स्वयंपाकात विड्याच्या पानासारखे गुंडाळण्यास वापरतात.

संस्काराचे सामर्थ्य

या वास्तव्यातील सर्वांत मोठा पाठ आम्हाला मक्याने दिला. तेथे मका नुसता दळत नाहीत. तो चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, सकाळी धुऊन घेतात आणि मग वाटतात. या क्रियेने सिद्ध झालेल्या मक्याला ‘निश्तामाल’ म्हणतात. तिच्यामुळे टरफल सुटते, धान्यात कॅल्शियम येते आणि मक्यात बद्ध असलेले नायसिन शरीराला उपलब्ध होते. मका युरोपात गेला तो ही क्रिया मागे सोडून. परिणामी केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांत त्वचा, आतडी आणि बुद्धी यांना ग्रासणारा पेलाग्रा हा व्याधी पसरला. १७३५ मध्ये स्पेनमधील कासाल या वैद्याने त्याचे वर्णन केले. पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागातही त्याने सहस्रावधी बळी घेतले. द्रव्य तेच होते, केवळ संस्कार गळला होता. संस्काराने गुणांतर होते, या आपल्या सिद्धांताचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

उसळींच्या बाबतीतही असाच विवेक दिसतो. काळ्या घेवड्याच्या उसळीत ‘एपासोते’ नावाची उग्र गंधाची पालेभाजी घालतात. प्रयोजन आपल्या ओवा-हिंगाचेच, म्हणजे वातानुलोमन. तिचे तेल पूर्वी कृमिघ्न म्हणून प्रसिद्ध होते, परंतु अधिक मात्रेत ते विषारी ठरल्याने मागे पडले. पानांची फोडणी आणि काढलेले तेल ही दोन भिन्न औषधे आहेत, हे आपणही विसरू नये.

उष्ण-शीत विचार आणि एक इशारा

मेक्सिकोच्या लोकवैद्यकात अन्न, औषध आणि व्याधी यांची विभागणी ‘उष्ण’ व ‘शीत’ अशी करतात. ही कल्पना स्पॅनिश लोकांबरोबर युरोपातून आली की मूळची तेथलीच, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. ‘तेमास्काल’ हे तेथील स्वेदनगृह प्राचीन असून प्रसूतेसाठीही वापरले जाते. ग्रंथपरंपराही आहे : १५५२ मध्ये मार्तिन दे ला क्रूस या स्थानिक वैद्याने सांगितलेल्या वनौषधींचा लॅटिन ग्रंथ हुआन बादियानो याने सिद्ध केला. गार्सिया द ऑर्ताचा औषधीविषयक ग्रंथ गोव्यात १५६३ मध्ये छापला गेला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

तथापि परंपरा म्हटली की सर्वच निर्दोष, असे नाही. बालकांच्या पोटात अन्न अडकून राहण्याच्या विकाराला तेथे ‘एंपाचो’ म्हणतात. आपल्या अजीर्ण-आमाशी त्याचे साम्य आहे. त्यावर ‘आसार्कोन’ आणि ‘ग्रेता’ या भुकट्या देण्याची रूढी होती. पहिली म्हणजे आपला शेंदूर आणि दुसरी म्हणजे मुरदाडशिंग. दोन्ही शिशाची संयुगे होत. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत स्थलांतरित कुटुंबांतील बालकांना यांपासून विषबाधा झाल्याचे उघड झाले. त्याच ग्रेताचा मुलामा पारंपरिक मातीच्या भांड्यांना देतात आणि आंबट पदार्थांत शिसे उतरते. म्हणून आम्ही चिंचेचे सार किंवा मिरच्यांची चटणी अशा चकचकीत भांड्यांत कधी ठेवली नाही. दीर्घ मुक्कामासाठी जाणाऱ्या रुग्णासही हाच सल्ला द्यावा.

तेहोकोते आणि पिवळी कण्हेर

१६ ते २४ डिसेंबर या उत्सवाच्या रात्री घरोघरी ‘पोंचे’ हे उष्ण पेय करतात. पेरू, ऊस, दालचिनी, गुळाच्या ढेपा आणि ‘तेहोकोते’ नावाचे बोराएवढे पिवळे आंबट-गोड फळ त्यात असते. थंडीत कफवातशामक असे हे पेय आम्हाला फार रुचले.

या निष्पाप फळाच्या नावावर मात्र एक घातक व्यापार चालला. ‘तेहोकोतेचे मूळ’ या नावाने स्थूलतेवरील गोळ्या अमेरिकेत संगणकाद्वारे विकल्या जात होत्या. २०२२ मध्ये एका दोन वर्षांच्या आतील बालकाला त्यांपासून विषबाधा झाली. त्यानंतर तपासलेल्या १० उत्पादनांपैकी ९ उत्पादनांत तेहोकोते नसून पिवळी कण्हेर आढळली आणि २०२३ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला. पिवळी कण्हेर, म्हणजेच आपली बिट्टी, हीदेखील मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेची. तिचे बीज हृदयाची गती मंद करून प्राण हरते, हे आपण सर्व जाणतो. वेष्टनावरील नाव पाहून ग्राहकाने विश्वास ठेवला आणि द्रव्याची ओळख कोणीच पटवली नाही.

आपल्यासाठी बोध

वाहाकाच्या दुकानांत अश्वगंधेच्या कॅप्सूल पाहून प्रथम अभिमान वाटला. लगेच मनात आले, की यात मूळच आहे ना? पाने नकोत, मूळ वापरावे, असे आयुष मंत्रालयाला २०२१ मध्ये उत्पादकांना सांगावे लागले होते. २००४ मध्ये बोस्टन परिसरात तपासलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा सोमल आढळल्याचे प्रसिद्ध झाले आणि १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधींना जड धातूंची तपासणी अनिवार्य झाली. शोधन-मारणाविना धातू आणि चुन्याविना मका यांत तत्त्वतः भेद नाही. द्रव्य सागर ओलांडते; त्याचा संस्कार, मात्रा आणि पारखणारा डोळा मात्र मागे राहतो.

म्हणून औषधी विक्रेत्यांनी प्रत्येक द्रव्य शास्त्रीय नाव, वापरलेले अंग आणि तपासणीचा दाखला पाहूनच घ्यावे; कच्च्या मालाचा नमुना तारखेसह जपून ठेवावा. वैद्यांनी परदेशी जाणाऱ्या रुग्णास औषधांबरोबर द्रव्यांची नावे व मात्रा लिहून द्यावी, तेथील वनौषधी केवळ नावसाधर्म्यावरून घेऊ नये असे बजावावे आणि तेथील देश-काल विचारून चर्या ठरवावी. अज्ञात औषध विषासमान असते, असे चरकाचार्यांनी सांगितले आहे. परदेशी बाजारात आपली औषधे ज्यांच्या हाती पडतात, त्यांना ती अज्ञातच असतात. ती ज्ञात करून देण्याचे उत्तरदायित्व आपले आहे.