भांडंच होतं शेगडी!

दोस्तांनो, एक कोडं घालू? एक शेगडी आहे. तिच्यात जाळ नाही, निखारे नाहीत, लालभडक तारसुद्धा नाही. बटण दाबलं तरी ती स्वतः तापत नाही. पण तिच्यावर लोखंडी तवा ठेवा. तवा चटकन तापतो! मग त्याला तापवतं कोण?

शेगडी ओळखलीत ना? इंडक्शनची! आणि तव्याला तापवतं कोण, माहितेय? तवा स्वतःच!

शेगडीच्या काळ्या काचेखाली तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं असतं. त्यातली वीज सारखी दिशा बदलते. पुढे-मागे, पुढे-मागे! सेकंदाला किती वेळा? दहा? शंभर? छे! वीस हजारांहून जास्त वेळा!

त्यामुळे वेटोळ्याभोवती चुंबकत्व तयार होतं आणि तेही तितक्याच वेळा दिशा बदलतं. असं बदलतं चुंबकत्व धातूला भेटलं, की धातूच्या आत आपोआप वीज धावू लागते. मध्ये तार जोडलेली नसतानाही! मायकेल फॅरेडे यांनी ही गंमत १८३१ साली इंग्लंडमध्ये शोधली.

पण मग सगळीच भांडी का तापत नाहीत?

मधल्या सुट्टीची घंटा आठवा. सगळी मुलं मोठ्या मैदानावर धावली, तर कुणी कुणाला धडकत नाही. पण तीच मुलं एका अरुंद बोळातून पळाली तर? नुसती ढकलाढकली! सगळे घामाघूम!

तांबं आणि ॲल्युमिनियम म्हणजे विजेसाठी मोकळं मैदान. ती आरामात धावते, म्हणून भांडं फारसं तापत नाही. लोखंड मात्र चुंबकाला चिकटणारं! त्याच गुणामुळे वीज त्याच्या बुडाच्या केसाएवढ्या पातळ थरात कोंबली जाते. तोच तो अरुंद बोळ! तिथे ढकलाढकली झाली, की बूड तापलंच!

म्हणून लोखंडी तवा, बिडाचा तवा एकदम पास. पण आजीचं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, पितळेचा टोप, तांब्याचं भांडं नापास! अशी भांडी ठेवली, की बहुतेक शेगड्या टूं-टूं ओरडतात आणि चालूच होत नाहीत.

आणि स्टील? इथे तर खरी धमाल आहे! स्टीलच्या एका प्रकारात साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल आणि उरलेलं बहुतेक लोखंडच असतं. लोखंडाला चुंबक चिकटतो. नुसत्या निकेललाही चिकटतो! पण या मिश्रणाला? चिकटतच नाही! निकेलमुळे लोखंडाचे अणू वेगळ्याच रचनेत बसतात आणि चुंबकाला दादच देत नाहीत. बिननिकेलचंही एक स्टील असतं, त्याला मात्र चुंबक घट्ट चिकटतो. दोन्ही पातेली दिसायला सारखीच चकचकीत!

आता आकाराचं बघू. छोट्या शेगडीतलं वेटोळंही छोटंच असतं. भांड्याचं बूड सपाट हवं आणि काचेवर काढलेल्या गोलाएवढं हवं. गोल बुडाच्या कढईची कड काचेपासून वर राहते, तिथे चुंबकत्व नीट पोचत नाही. फोडणीची पळी इतकी लहान, की शेगडीला ती कळतच नाही! आणि तवा फार मोठा असला, तर डोसा मधे करपतो, कडेला कच्चा!

या शेगडीची एक जुळी बहीण आहे, सिरॅमिक शेगडी. तिलाही वर तशीच काळी काच. पण आत तार लालबुंद होते, आधी काच तापते, मग भांडं. म्हणून तिला लोखंड, स्टील, ॲल्युमिनियम सगळं चालतं! फक्त बूड सपाट हवं. आणि सांभाळा हं, बंद केल्यावरही ती काच बराच वेळ चटका देते!

इतकी तापूनही काच तडकत कशी नाही? कारण तापल्यावर ती जवळजवळ फुगतच नाही. अशा काचेचा शोध अमेरिकेत चक्क अपघातानं लागला! डोनाल्ड स्टूकी नावाचे शास्त्रज्ञ काचेचा तुकडा ६०० अंशांवर तापवत होते. भट्टी बिघडली आणि ९०० अंशांवर गेली! त्यांनी चिमट्यानं तुकडा बाहेर काढला, तो निसटला, ठण्णकन जमिनीवर आपटला आणि फुटलाच नाही!

आता तुमची पाळी. मोठ्यांना विचारून घरातली रिकामी, थंड भांडी घ्या आणि फ्रिजवरचा चुंबक प्रत्येकाच्या बुडाला लावा. घट्ट चिकटला आणि बूड सपाट असलं, तर इंडक्शनला चालेल! ॲल्युमिनियमचा ‘इंडक्शन बेस’वाला कुकर असेल, तर तो शेवटी तपासा. चुंबक बाजूला चिकटणार नाही, पण बुडाला चिकटेल! कारण बुडाशी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलची चकती बसवलेली असते. तुमच्या घरात पास किती, नापास किती? यादी करा आणि नवं भांडं घ्यायला निघालात, की चुंबक खिशात टाका!