औषधांचा डबा आणि परमुलूख

आमच्या घरीं एक पत्र्याचा चौकोनी डबा आहे. मूळचा तो बिस्किटांचा. गेलीं वीस-पंचवीस वर्षें त्यांत घरांतल्या सर्व मंडळींचीं औषधें राहतात. शाळेंतून सेवानिवृत्त झालेल्या माणसाकडे घरांतलें एखादें खातें सोंपवावें लागतें, त्याप्रमाणें या डब्याचें खातें आमच्याकडे आलें. चंदेरी पट्ट्यांतून गोळ्या काढावयाच्या, लहान लहान डब्यांत भरावयाच्या, आणि वर चिकटविलेल्या कागदावर बाळबोध अक्षरांत 'गुडघे', 'झोंप', 'खोकला', 'पित्त' असें लिहावयाचें, ही आमची पद्धत. ती मोठी सुटसुटीत आहे असें आम्हांस वाटे, आणि आल्यागेल्या पाहुण्यांस आम्ही ती कौतुकानें दाखवीतही असूं. 2023 सालच्या कार्तिकांत याच सुटसुटीतपणामुळें आम्हांस दुबईच्या विमानतळावर एका बाकावर चार तास बसावें लागलें.

पुतण्या तेथें नोकरीस आहे. त्याच्या घरीं पहिलें बाळंतपण, म्हणून आमच्या थोरल्या वहिनी निघाल्या आणि सोबतीस आम्ही. वहिनींचें वय एकाहत्तर. दोन्ही गुडघे झिजलेले. दुखणें अनावर झालें तर घ्यावी म्हणून डॉक्टरांनीं त्यांस 'अल्ट्रासेट' नांवाची गोळी लिहून दिलेली. सुनेसाठीं त्यांनीं डिंकाचे लाडू केले होते, आणि त्यांत रीतीप्रमाणें खसखस भाजून घातली होती. सामान यंत्रांतून गेलें आणि आमची पेटी बाजूस काढण्यांत आली. तेथील तरुण अधिकारी सभ्य होता. त्यानें एकेक डबी उघडून "हें काय?" असें इंग्रजींत विचारलें. आम्हीं वर लिहिल्याचें प्रामाणिकपणें भाषांतर केलें. औषधाचें नांव विचारलें असतां अवयवाचें नांव सांगणारा प्रवासी त्यानें पूर्वीं पाहिला नसावा. मग लाडवांचा डबा उघडला गेला, आणि त्यांतल्या पांढऱ्या कणांकडे पाहून त्यानें आपल्या वरिष्ठास बोलाविलें.

पुढचे चार तास आम्ही विसरणार नाहीं. डॉक्टरांची चिठ्ठी पुण्यास राहिली होती. धाकट्या चिरंजीवांनीं ती शोधून तिचें छायाचित्र मोबाइलवर पाठविलें, तर तिच्यावरचें अक्षर आम्हांसच लागेना. अखेर डॉक्टरांस रात्रीं उठवून टंकलिखित पत्र मागवावें लागलें. वहिनी बाकावर पदर सांवरून बसल्या होत्या. बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत, मग हळूच म्हणाल्या, "भाऊजी, आपल्याला चोर समजताहेत का हो हे?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. शेवटीं गोळ्या आणि लाडू काढून घेऊन, एका कागदावर सही घेऊन आम्हांस सोडलें. हें आमचें नशीब. बाहेर पुतण्या उभा होता. सुनेस यांतलें कांहीं सांगूं नये, असें वहिनींनीं त्याला बजावलें, आणि लाडू घरींच विसरले असें सांगितलें.

परत आल्यावर आम्ही या विषयाच्या मागें लागलों. मास्तराची खोड आहे; मार खाल्ल्यावर धडा वाचावयाचा.

पहिली गोष्ट ध्यानांत आली ती अशी, कीं औषधाचें 'साधेंपण' हें औषधांत नसतें, तें आपल्या गांवांत असतें. कोपऱ्यावरच्या दुकानांत जें सहज मिळतें तें साधें, अशी आपली व्याख्या. कायद्यास ही व्याख्या ठाऊक नाहीं. तो पट्टीवरचें व्यापारी नांवही पाहत नाहीं. आंत द्रव्य कोणतें, एवढेंच पाहतो. 'अल्ट्रासेट' या गोळींत 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आणि 37.5 मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल असतें. हें दुसरें द्रव्य अफूसारखें काम करून वेदना शमवितें आणि अफूसारखीच संवय लावतें. आपल्याकडेही तें निरुपद्रवी मानलेलें नाहीं. 1985 सालच्या अमली पदार्थांच्या कायद्याखालीं तें 2018 सालीं आणण्यांत आलें. अर्थात् वहिनी ज्या गोळीस पांच वर्षें 'गुडघ्याची गोळी' म्हणत होत्या ती आपल्या सरकारच्या यादींतही होती, आणि डब्याचे खातेदार आम्ही, आम्हांस याचा पत्ता नव्हता. झोंपेसाठीं घराघरांत जी 'अल्प्रॅक्स' घेतात तिच्यांतलें अल्प्राझोलाम, खोकल्याच्या कित्येक औषधांतलें कोडीन, हीं याच पंक्तींतलीं. 1961 आणि 1971 सालीं झालेल्या दोन जागतिक करारांनीं अशा द्रव्यांच्या याद्या ठरविल्या. परंतु त्या यादींतल्या द्रव्याशीं प्रवाशानें कसें वागावें, किती न्यावें, कोणास आधीं विचारावें, हें प्रत्येक देश आपल्यापुरतें ठरवितो. म्हणून मुंबईच्या विमानतळावर कोणीं अडविलें नाहीं याचा अर्थ पलीकडे अडविणार नाहींत असा होत नाहीं.

संयुक्त अरब अमिरातीचा नियम असा, कीं नियंत्रित औषध बरोबर न्यावयाचें तर निघण्यापूर्वीं तेथील सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करून परवानगी घ्यावी. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी व पत्र जोडावें. ही सोय आहे, आणि घरबसल्या आहे. आम्हांस ती ठाऊक नव्हती इतकेंच.

खसखशीचें प्रकरण मात्र आम्हांस अधिक लागलें, कारण त्यांत औषधाचा प्रश्नच नव्हता. मध्यप्रदेशांत मंदसोर-नीमचकडे सरकारी परवान्यानें अफूचीं शेतें होतात. त्या झाडाच्या कच्च्या बोंडास चिरे दिले म्हणजे चीक येतो तो अफू. तेंच बोंड वाळल्यावर आंत जें बीं मिळतें ती खसखस. बियांत स्वतः अफू जवळजवळ नसते; चिकाचा अंश वरून लागलेला असतो, तोही अल्प. आपल्या कायद्यानें हें बीं मोकळें ठेवलें, म्हणून अनारशांवर, करंजींत, लाडवांत आपण तें निःशंकपणें घालतों. अमिरातींत, तसेंच सौदी अरबस्तानांत व सिंगापुरांत, तें निषिद्ध पदार्थांत मोडतें. दिवाळीच्या सुमारास मुलाबाळांस फराळाचे डबे पाठविणाऱ्या आमच्या भगिनींनीं हें वाक्य पुन्हां एकदां वाचावें.

आम्ही चार तासांत सुटलों. इजिप्तमध्यें ऑक्टोबर 2017 मध्यें एका इंग्रज स्त्रीस हुरघाडा येथील विमानतळावर धरलें. तिच्या सामानांत सुमारें 290 ट्रॅमाडॉलच्या गोळ्या होत्या. तेथल्या आपल्या माणसाची पाठ दुखते म्हणून आणल्या, असें तिचें म्हणणें. त्याच वर्षीं डिसेंबरांत तिला 3 वर्षांची शिक्षा झाली, आणि जानेवारी 2019 मध्यें ती घरीं परतली. ही हकीकत वाचली त्या दिवशीं आम्हांस वहिनींचा बाकावरचा प्रश्न आठवला.

यांत गरीब-श्रीमंत, जाणता-अजाण असा भेद नाहीं. जून 2015 मध्यें जपानांत टोयोटा कंपनीच्या एका वरिष्ठ अमेरिकन अधिकारी बाईंस अटक झाली. अमेरिकेंतून टपालानें आलेल्या पुडक्यांत ऑक्सिकोडोनच्या 57 गोळ्या निघाल्या, आणि त्याही गुडघेदुखीवरच्या! खटला झाला नाहीं, जुलैंत त्या सुटल्या. परंतु तत्पूर्वींच त्यांनीं राजीनामा दिला होता. जपानचा उत्तेजक द्रव्यांवरचा कायदा 1951 सालचा आहे आणि तो फार कडक आहे. अमेरिकेंत डॉक्टर ज्या अँफेटॅमिनच्या गोळ्या सर्रास लिहून देतात त्या तेथें चिठ्ठी असली तरी चालत नाहींत. सर्दीच्या औषधांत स्यूडोएफेड्रिन शेंकडा 10 हून अधिक असल्यास तेंही नाहीं. चिठ्ठीवर मिळणारीं इतर औषधेंही पूर्वपरवानगीशिवाय फक्त एका महिन्यापुरतीं.

एकाच नांवाखालीं दोन देशांत दोन द्रव्यें असूं शकतात, हें आम्हांस सर्वांत नवल वाटलें. 2002 सालीं अमेरिकेंत झालेल्या हिवाळी ऑलिंपिकमध्यें एका ब्रिटिश खेळाडूनें बर्फावरच्या शर्यतींत कांस्यपदक मिळविलें. नाक चोंदलें म्हणून त्यानें तेथल्या दुकानांतून व्हिक्सची नाकांत ओढावयाची कांडी घेतली होती. घरीं तो तीच वापरी. अमेरिकेंतल्या कांडींत एक निराळें उत्तेजक द्रव्य होतें. लबाडीचा हेतु नव्हता हें मान्य झालें, तरी पदक गेलें. हा खेळाच्या नियमांचा प्रश्न, कायद्याचा नव्हे. पण नांवावर विसंबूं नये हें समजण्यास एवढा दाखला पुरे.

आतां आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांचा खास प्रश्न. मुलगा इंग्लंडांत, आईवडील सहा महिन्यांसाठीं जातात, आणि तिकडे औषधें महाग व डॉक्टर दुर्मिळ म्हणून सहा महिन्यांचा सांठा बांधून नेतात. मधुमेहांत पायांची आग होते त्यावर प्रेगाबालिन देतात. एप्रिल 2019 पासून इंग्लंडांत तें नियंत्रित औषध झालें आहे. डॉक्टरांचें पत्र बरोबर असावें, त्यांत औषधांचीं नांवें, मात्रा व प्रवासाच्या तारखा असाव्यात. आणि अशा औषधाचा सांठा तीन महिन्यांचा किंवा अधिक असेल तर तेथील गृहखात्याचा परवाना आधीं काढावा लागतो. ऑस्ट्रेलियांतही औषधें तीन महिन्यांपुरतींच न्यावीं, आणि उतरतांना तीं आहेत असें लिहून द्यावें. 'सहा महिन्यांचें एकदम नेलें कीं झालें' हा आपल्या घरांतला हिशेब येथें आडवा येतो.

आमचे कांहीं स्नेही म्हणतील, आम्ही आयुर्वेदी औषधेंच घेतों. त्यांस आमची विनंती, कीं पाठ वाचावा. जातिफलादि चूर्णांत भांग असते. संस्कृत ग्रंथांत ती 'विजया' या मंगल नांवानें येते, त्यामुळें बाटलीवर वाचूनही कळत नाहीं. आपल्याकडे भांगेच्या पानांस केंद्राच्या कायद्यांत गांजाच्या व्याख्येंतून वगळलें आहे. परदेशांतील तपासणाऱ्यास विजया आणि गांजा यांतला भेद कोण समजावून सांगणार? रसौषधींचा प्रकार निराळा. अमेरिकेंत बोस्टन शहरांतल्या दुकानांतून घेतलेल्या दक्षिण आशियाई बनावटीच्या 70 औषधांपैकीं 14 मध्यें शिसें, पारा किंवा सोमल सांपडल्याचें 2004 सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हांपासून तिकडे आपल्या पुड्यांकडे संशयानें पाहतात. आम्ही स्वतः आयुर्वेदाचे अभिमानी आहों. तरी पाठ न छापलेली, वैद्यबुवांनीं कागदांत बांधून दिलेली पुडी परमुलखांत नेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत झालें आहे.

आणि दुसऱ्याचें पुडकें! "तुम्ही जातच आहांत, तर एवढें आमच्या बाळूला द्या." हें ऐकल्यावर नाहीं म्हणणें आपल्या समाजांत उद्धटपणा समजतात. जुलै 2019 मध्यें मुंबईचें एक तरुण दांपत्य कतारला गेलें. पत्नी गर्भवती. पतीच्या आत्यानेंच दिलेल्या पुडक्यांत सुमारें चार किलो चरस निघाला. दोघांस दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. बाळ तुरुंगांत जन्मलें. निर्दोष म्हणून सुटका होऊन तीं एप्रिल 2021 मध्यें परत आलीं. तेथें गोष्ट औषधाची नव्हती हें खरें. परंतु आत्याचें पुडकें आणि शेजारणीनें बाळूसाठीं दिलेल्या खोकल्याच्या बाटल्या, यांकडे पाहण्याची कस्टमची दृष्टि एकच. पेटी ज्याची, माल त्याचा.

यंदा वैशाखांत वहिनींचें पुन्हां दुबईस जाणें ठरलें, तेव्हां आम्हीं दोन महिने आधीं कामास प्रारंभ केला. प्रत्येक औषधाच्या पट्टीवरचें बारीक अक्षर भिंगानें वाचून द्रव्यांचीं नांवें एका वहींत उतरलीं. व्हिएन्ना येथें अमली द्रव्यांच्या नियंत्रणासाठीं एक आंतरराष्ट्रीय मंडळ आहे. त्याच्या संकेतस्थळावर देशोदेशींचे प्रवाशांसाठींचे नियम दिलेले असतात, ते नातवाकडून उघडवून घेतले, आणि नंतर त्या देशाच्या स्वतःच्या सरकारी पानावर ताडून पाहिले, कारण नियम बदलतात. मग ती वही घेऊन डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं ट्रॅमाडॉलची गोळी प्रवासापुरती बंद करून साध्या पॅरासिटामॉलवर भागवूं या असें सुचविलें. हें इतकें सोपें होतें! विचारलें मात्र कोणीं नव्हतें. बाकीच्या औषधांसाठीं त्यांनीं इंग्रजींत टंकलिखित पत्र दिलें. त्यांत नांव पारपत्रावर आहे तसेंच, अक्षरन् अक्षर. गोळ्या मूळ पट्ट्यांत, पट्ट्या मूळ खोक्यांत, दुकानदाराची पावती सोबत, आणि सर्व हातांतल्या पिशवींत ठेवलें.

वहिनींनीं लाडवांत खसखशीच्या जागीं तीळ घातले. सुनेस मागल्या खेपेची हकीकत त्यांनीं यंदा स्वतःच हंसत सांगितली म्हणे. आमच्या चिठ्ठ्या चिकटविलेल्या डब्या आतां स्वयंपाकघरांत गेल्या आहेत. 'गुडघे' असें लिहिलेल्या डबींत सांप्रत वेलदोडे आहेत.