मागून येणाऱ्यासाठी बांधलेली पिशवी

पुण्यावरून, साताऱ्या-कोल्हापुरावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ बंगळूरला संपत नाही, तो पुढे थेट चेन्नईला जातो. चेन्नईच्या अलीकडे, श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टै इथे, याच महामार्गालगत सुमारे ३.७ किलोमीटरचा मोटारशर्यतींचा ट्रॅक आहे. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट पाच किलोमीटरहून थोडं मोठं. शर्यत नसते अशा काही दिवशी या ट्रॅकवर पैसे भरून कुणालाही आपली मोटारसायकल चालवता येते. चालकांचे गट पाडतात आणि प्रत्येक गटाला आळीपाळीने साधारण पंधरा-वीस मिनिटं सोडतात. याला ट्रॅक डे म्हणतात. इथे नंबर लागत नाही, समोरून ट्रक येत नाही आणि गाडी वळणात नेमकी कशी वागते हे शिकायला याहून चांगली जागा नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो: सोबत काय काय घ्यायचं? उत्तरं बहुधा लेदर सूट आणि हेल्मेटपासून सुरू होतात. ते लागतंच. पण पिशवी भरताना विचार दुसऱ्या टोकापासून सुरू करावा असं माझं मत आहे. वळणावर माझी गाडी आडवी झाली, तर माझ्या मागून येणाऱ्याचं काय होईल? या एका प्रश्नाने पिशवीतली जवळजवळ प्रत्येक वस्तू ठरते.

कूलंटचंच पाहा. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांत आपण जे कूलंट भरतो त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं आणि त्याचा उत्कलनबिंदू १९७ अंश सेल्सियस आहे. गाडी पडून रेडिएटर फुटला, तर सांडलेलं पाणी तापलेल्या डांबरावरून थोड्या वेळात उडून जातं. ग्लायकॉल मात्र तसंच राहतं, बुळबुळीत. त्यावरून जाणारा पुढचा चालक स्वतःची काहीही चूक नसताना घसरतो. म्हणून अनेक आयोजक कूलंट काढून साधं डिस्टिल्ड पाणी भरायला सांगतात. ते काम घरीच उरकावं, आणि वर टाकायला दोन लिटर डिस्टिल्ड पाणी पिशवीत असावं. चिकटपट्टीचं कारणही हेच. हेडलाइटवर आणि इंडिकेटरवर पट्टी लावली की काच फुटली तरी तुकडे ट्रॅकभर विखुरत नाहीत. ब्रेकलाइट झाकायचा, कारण पुढच्या गाडीचा तो दिवा पेटला की मागचा नवखा चालक दचकून भर वळणात ब्रेक दाबतो. आरसे, नंबरप्लेट, साडीगार्ड, लेगगार्ड हे सारं खोलून ठेवायचं. गाडी घसरल्यावर लेगगार्डची नळी डांबरात रुतली, तर सरळ बाहेर घसरत गेली असती ती गाडी कोलांट्या खाते, आणि ती कुठे जाऊन पडेल हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणजे सोबत पाने हवेत, ॲलन की हव्यात, आणि खोललेले नटबोल्ट ठेवायला नाव लिहिलेल्या छोट्या पिशव्या हव्यात.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो रास्त आहे. रस्त्यावर जे आरसे, दिवे आपला जीव वाचवतात तेच काढायचे, ही कसली सुरक्षितता? साडीगार्ड तर कायद्याने सक्तीचा आहे. उत्तर दोन जागांच्या फरकात आहे. रस्त्यावर वाहतूक चारही बाजूंनी येते, मागचा काय करेल याचा भरवसा नसतो, म्हणून आरसा लागतो. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात आणि सुरक्षितपणे पुढे जाण्याची जबाबदारी मागून येणाऱ्यावर असते. पुढच्याने आपली रेषा धरून चालवायचं, एवढंच. आरशात डोकावून जो बाजूला होऊ पाहतो तो नेमका मागच्याच्या वाटेत येतो. पुढच्या धोक्याची सूचना द्यायला कडेला मार्शल झेंडे घेऊन उभे असतात. पिवळा दिसला की सावध व्हायचं, लाल दिसला की वेग कमी करून पिटमध्ये परतायचं. नजर पुढे ठेवली तरच ते दिसतात.

स्वतःच्या अंगावरचं साहित्य आता आलं. पूर्ण चेहरा झाकणारं, दुहेरी डी-रिंगने बांधायचं हेल्मेट, मनगटाचं हाड झाकणारे हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट, एकसंध किंवा कमरेला झिपने जोडलेला लेदर सूट, पाठीचं संरक्षक. सूट अनेक ठिकाणी भाड्याने मिळतो, म्हणून पहिल्याच वेळी विकत घेण्याची घाई नको. मात्र भाड्याचा सूट मापाचा आहे का, हे आदल्या दिवशी पाहावं. ढगळ सूट पडताना सरकतो आणि कोपर-गुडघ्यावरची संरक्षकं जागेवर राहत नाहीत.

याहून जास्त दुर्लक्ष होतं ते पाण्याकडे. चेन्नईच्या दमट हवेत, चामड्याच्या आत, तासाला लिटरभर घाम सहज जातो. शरीरातलं पाणी कमी झालं की आधी लक्ष विस्कटतं. ब्रेकची खूण थोडी उशिरा दिसते, पुढच्या गाडीचं अंतर चुकीचं वाटतं, आणि हे त्या माणसाला स्वतःला जाणवतही नाही. त्यामुळे माणशी पाच-सहा लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, केळी, घरचा दहीभात, सावलीसाठी छत्री किंवा ताडपत्री, बदलायला सुती बनियन या वस्तू ऐषारामाच्या मानू नयेत. दुपारच्या जेवणात तेलकट, जड काही नको. थकवा वाटला तर एक फेरी सोडून द्यावी. भरलेले पैसे वसूल करण्याच्या हट्टाने दुपारच्या फेऱ्यांत उतरणं मला साफ चुकीचं वाटतं.

टायरमधली हवा मोजायचं गेज हे पिशवीतलं सर्वांत उपयोगी हत्यार. टायर १० अंशांनी तापला की हवेचा दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो, आणि ट्रॅकवर टायर याहून कितीतरी जास्त तापतो. दाब फार वाढला की टायर कडक होतो आणि रस्त्याला टेकणारा भाग आक्रसतो. म्हणून फेरीहून आल्या आल्या, टायर गरम असतानाच दाब मोजून वहीत लिहावा. पेट्रोलचाही हिशेब हवा. ट्रॅकवर गाडी एरवीपेक्षा खूपच जास्त पिते, ट्रॅकच्या आत पंप असेलच असं नाही, आणि रेल्वेने पार्सल केलेली गाडी तर नियमाप्रमाणे टाकी रिकामी करूनच पाठवावी लागते. पेट्रोल संपून एक गाडी धोक्याच्या जागी थांबली, की ती हलवण्यासाठी साऱ्या गटाची फेरी थांबू शकते. घट्ट झाकणाचा, पेट्रोलसाठीच बनवलेला कॅन त्यासाठी लागतो. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधीही नेऊ नये.

कुणी म्हणेल, मी काही शर्यत करणार नाही, सावकाश चालवणार, मग एवढं कशाला? पण नवख्यांच्या गटातच वेगांत सर्वांत जास्त तफावत असते आणि चुका कुठे होतील याचा अंदाज सर्वांत कमी असतो. शिवाय चिकटपट्टी, गेज, डिस्टिल्ड पाणी, ओआरएस यांचा एकत्र खर्च एका टायरच्या किमतीजवळही जात नाही. आयोजकांची रुग्णवाहिका असतेच, हा युक्तिवादही पुरेसा नाही, कारण ती अपघात झाल्यानंतर कामाला येते. आपल्याकडच्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, त्यामुळे ट्रॅकवरचं नुकसान भरून मिळेल असं धरून चालू नये. आरोग्यविम्याचं कार्ड मात्र सोबत घ्यावं, आणि रक्तगट व घरच्या माणसाचा फोन नंबर कागदावर लिहून, सोबतच्याला सांगून ठेवावा.

संध्याकाळी पिशवी पुन्हा उघडायची असते, आणि याच वेळी घाई होते. गाडी चालवतच परत जायचं असेल, तर ब्रेकलाइटवरची पट्टी काढणं, आरसे, नंबरप्लेट, साडीगार्ड बसवणं आणि टायर थंड झाल्यावर हवा पुन्हा रस्त्याच्या मापाला आणणं हे फाटकाच्या आतच उरकायला हवं. म्हणून गेजबरोबर एक छोटा पंप आणि अंधारात नटबोल्ट शोधायला कपाळावर बांधायची बॅटरी घ्यावी. फाटकाबाहेर महामार्ग ४८ आहे, आणि तिथे मागून ट्रक येत असतात.