डोळा, डोया, डोरा

पुण्यातलं पोर ज्याला डोळा म्हणतं, त्याला अकोल्याकडचं पोर डोया म्हणतं आणि भंडारा जिल्ह्यात, साकोली-लाखांदूरच्या बाजूला, तोच डोरा होतो. शब्द एकच; मधला ळ तेवढा मुलूख बदलला की रूप पालटतो. आता हा डोरा मोबाइलसमोर उच्चारला, तर मोबाइलला कळेल का?

आपण शब्द उच्चारतो तेव्हा माइक हवेची थरथर सेकंदाला साधारण १६,००० वेळा मोजतो. मग यंत्र त्या आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या अंतराने बारीक काप घेतं आणि प्रत्येक कापात कोणत्या उंचीचे स्वर किती जोरात आहेत, याचं जणू चित्र काढतं. ळ म्हणताना जीभ मागे वळून टाळूला लागते, र म्हणताना तिचं टोक दातांच्या मागे निसटता स्पर्श करतं. तो स्पर्श सेकंदाचा जेमतेम चाळिसावा हिस्सा टिकतो, आणि एवढ्याशा खुणेवरून यंत्र अक्षर ओळखू पाहतं! मला तर हे आजही नवलाचं वाटतं.

पण नुसत्या कानावर यंत्राचा भरवसा नसतो. त्याने लाखो मराठी वाक्यं आधी पाहिलेली असतात आणि त्यांतून कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे ते ताडतं. डोरा त्या वाक्यांत नसेल, तर सर्वांत जवळचा ओळखीचा शब्द सापडतो दोरा. पोरगं म्हणतं डोरा दुखते, आणि पडद्यावर सुईतला दोरा दुखू लागतो.

पाण्याची गोष्ट त्याहून विलक्षण. भंडाऱ्याकडच्या या बोलीत, म्हणजे झाडीबोलीत, ण नाही, त्यामुळे मूल पानी म्हणतं. यंत्र न ऐकतं आणि बहुधा ण लिहितं, कारण त्याला शिकवताना आवाजाच्या शेजारी प्रमाण मराठीतलंच लेखन ठेवलेलं असतं. अर्ज लिहायचा असेल तर हे सोयीचं आहे. शिकणाऱ्या मुलाला मात्र आपण काय बोललो आणि पुस्तकात काय लिहितात, हे दोन्ही दिसायला हवं. झाडीपट्टीतल्या जाणत्या गुरुजींना दोन्ही बाजू ठाऊक असतात. यंत्राला एकच ठाऊक आहे. मुलाचं मोठ्याने वाचणं ऐकून शाबासकी देणारी गुगलच्या ‘रीड अलाँग’सारखी ॲप आता मराठीतही आहेत. अशा ॲपच्या कानावर झाडीचे उच्चार पडलेच नसतील, तर ते नसलेली चूक काढेल.

मग हे उच्चार त्याच्या कानावर घालायचे कसे? बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने गुगलच्या साथीने २०२२मध्ये ‘वाणी’ प्रकल्प हाती घेतला. देशातल्या ७७३ जिल्ह्यांतून दीड लाख तासांचं बोलणं गोळा करायचं, हा त्याचा संकल्प. त्याची रीत मला फार आवडते. माणसासमोर छापील वाक्य ठेवत नाहीत, चित्र ठेवतात आणि म्हणतात, यात काय दिसतं ते तुमच्या भाषेत सांगा.

समजा, चित्रात चिखलात वाकून भाताची रोपं लावणाऱ्या बाया आहेत. छापील वाक्य दिलं असतं, तर भंडाऱ्याच्या बाईनेही ‘शेतात भाताची लावणी सुरू आहे’ असं वाचून दाखवलं असतं. हाती लागला असता फक्त तिचा हेल. चित्र पाहून ती म्हणेल, बांधीत रोवना चालू हाये. रोपांना ती पऱ्हे म्हणेल, पलीकडच्या लहान तळ्याला बोडी. धानाच्या मुलखाचा सगळा शब्दसंग्रह एका चित्रातून बाहेर येतो.

बोली टिपण्याचा हा पहिलाच प्रयत्न नाही. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा खंड १९०५मध्ये निघाला, तेव्हा बोलींचे नमुने अधिकाऱ्यांकरवी कागदावर उतरवून मागवले होते. कागदावर आवाज येत नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर झाडीबोलीचा अभ्यास केला, तिचा शब्दकोश रचला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणात तर गावोगावची माणसं प्रत्यक्ष बोलताना ध्वनिमुद्रित झाली, आणि कोणता शब्द कुठे कसा बदलतो ते नकाशांवर आलं. शिक्षकाला हा खजिना घरबसल्या उघडता येतो. वर्गातलं मूल चुकतंय की आपल्या आजीसारखं बोलतंय, हे त्याला नकाशावर बोट ठेवून पाहता येईल.

भंडाऱ्यातल्या पहिली-दुसरीच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. यंदा रोवणीच्या दिवसांत मुलांपुढे एक चित्र ठेवा. त्यांना हवं तसं बोलू द्या, मध्ये दुरुस्ती करू नका, आणि पालकांना विचारून ते मोबाइलवर मुद्रित करा. मग फळ्यावर डोरा लिहा, शेजारी डोळा लिहा, आणि मुलांना दोन्ही मोठ्याने वाचू द्या.