‘मोरिया’ आणि ‘साल्सेट’ : एका कैद्याच्या दोन बोटी

‘मोरिया’ ही ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीची टपाल आणि उतारू वाहून नेणारी आगबोट. 1 जुलै 1910 रोजी ती लंडनजवळच्या टिलबरी गोदीतून निघाली तेव्हा विनायक दामोदर सावरकर तिच्यावर कैदी म्हणून होते. 8 जुलैच्या सकाळी फ्रान्समधील मार्सेय बंदरात त्यांनी शौचकूपाच्या पोर्टहोलमधून अंग काढून समुद्रात उडी घेतली आणि या बोटीचे नाव मराठी घराघरांत पोचले. शाळेच्या पुस्तकांतून, व्याख्यानांतून, चित्रांतून ते आजही भेटते. मात्र त्याबरोबर एक चूकही चालत आली आहे. सावरकरांना खटल्यासाठी मुंबईला आणले ते ‘मोरिया’ने, असे सर्रास सांगितले आणि छापले जाते. तसे घडले नाही. मुंबईच्या धक्क्याला लागलेली बोट दुसरीच होती.

‘मोरिया’ 1908 साली ग्लासगोच्या बार्कले कर्ल या कारखान्यात बांधली गेली. लांबी 540 फूट, टनभार सुमारे 11 हजार टन, दोन धुराडी, दोन पंखे आणि कोळशावर चालणारी वाफेची इंजिने. 1903 पासून 1911 पर्यंत कंपनीने या मालिकेत दहा बोटी बांधल्या. सगळ्यांची नावे ‘म’ने सुरू होणारी : मोल्डाविया, मंगोलिया, मार्मोरा, मॅसिडोनिया, मुलतान, मालवा, मोरिया, मँटुआ, मलोजा, मदीना. मराठी कानाला ‘मोरिया’ म्हटले की गणपतीचा ‘मोरया’ ऐकू येतो, पण नावाचा त्याच्याशी संबंध नाही. ग्रीसच्या दक्षिणेकडील पेलोपोनेस द्वीपकल्पाला मध्ययुगात मोरिया म्हणत. मालिकेतल्या ‘मालवा’ आणि ‘मँटुआ’ या बोटी तर ‘मोरिया’शी जवळजवळ एकाच बांधणीच्या. त्यामुळे जुन्या छायाचित्रात दोन धुराड्यांची काळी बोट दिसली म्हणून ती ‘मोरिया’च, असे म्हणता येत नाही. नाळेवरचे नाव वाचता आले तरच खात्री होते.

कैद्याला न्यायासनासमोर नेणारे वाहन नेमके कोणते, हा प्रश्न इतरत्रही अभ्यासकांनी कसून सोडवला आहे. नाझी अधिकारी अॅडॉल्फ आइकमन याला मे 1960 मध्ये ब्वेनोस आयरिसहून इस्रायलला नेणारे विमान एल अल कंपनीचे ब्रिस्टल ब्रिटानिया होते, आणि शेपटीवरच्या नोंदणी अक्षरांपर्यंत त्याची ओळख पक्की झाली आहे. इतका काटेकोरपणा उगाच नसतो. वाहन कोणते हे कळले की मार्ग कळतो, थांबे कळतात, कोणत्या देशाच्या हद्दीत काय घडले ते ठरवता येते. सावरकरांच्या बाबतीत तर साऱ्या आंतरराष्ट्रीय वादाचे मूळच बोट कुठे उभी होती यात होते.

‘मोरिया’ची ओळख पटवायला छायाचित्राची गरज पडत नाही, कारण सरकारी कागदांतच तिचे नाव आहे. 13 मार्च 1910 रोजी पॅरिसहून लंडनला परतताच व्हिक्टोरिया स्टेशनवर सावरकरांना अटक झाली. मुंबई सरकारचे वॉरंट आधीच निघालेले होते. राजाविरुद्ध युद्ध पुकारणे, शस्त्रे मिळवून ती पाठवणे, नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाला साहाय्य करणे असे आरोप होते. जॅक्सनला 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या होत्या, आणि त्यासाठी वापरलेले ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून सावरकरांनी पाठवलेल्यांपैकी होते, असे सरकारचे म्हणणे होते. लंडनच्या न्यायालयांतले अर्ज फेटाळले गेल्यावर त्यांना हिंदुस्थानात पाठवायचे ठरले. 29 जून रोजी लंडनच्या पोलीसप्रमुखांनी पॅरिसच्या पोलीस खात्याला पत्र लिहिले : हा कैदी ‘मोरिया’वरून जात आहे, बोट 7 किंवा 8 जुलैला मार्सेयला थांबेल, तिथे त्याचे साथीदार काही गडबड करणार नाहीत याची काळजी घ्यावी. पुढे हेगच्या लवादाने आपल्या निवाड्यात या पत्रव्यवहाराचा आधार घेतला.

या एका पत्राने आणखी एक दंतकथा निकालात निघते. बोटीत बिघाड झाल्यामुळे ती मार्सेयला थांबली, असे अनेक चरित्रांत लिहिलेले आढळते. पण बोट निघण्याच्या दोन दिवस आधीच थांब्याची तारीख पत्रात आहे. मार्सेय हा पी अँड ओच्या बोटींचा ठरलेला थांबा होता. बिस्केच्या उपसागरातले हेलकावे नको असलेले उतारू, आणि उशिरा निघालेले टपाल, लंडनहून कॅलेमार्गे आगगाडीने फ्रान्स ओलांडून तिथे बोट गाठत. घाईचे टपाल वर घेण्यासाठी थांबलेल्या बोटीतून एक कैदी खाली उतरला, इतके ते साधे होते.

सावरकरांबरोबर स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर पार्कर, मुंबई इलाख्यातला पोलीस अधिकारी पॉवर आणि दोन हिंदी शिपाई होते. बोट 7 जुलैला संध्याकाळी मार्सेयला पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी सावरकर शौचकूपात गेले, दार आतून लावले आणि पोर्टहोलमधून बाहेर पडले. चित्रांत या उडीभोवती खवळलेला दर्या दाखवतात. प्रत्यक्षात बोट बंदराच्या आत होती आणि धक्का दूर नव्हता. उडीचे मोल त्यामुळे रतिभरही कमी होत नाही. पोलिसांच्या पहाऱ्यातून, अरुंद भोकातून अंग सोलून घेत निसटणे आणि परक्या भूमीवर पाय ठेवून आश्रयाचा हक्क मागणे, हे धाडस समुद्राच्या रुंदीवर मोजायचे नाही. धक्क्यावर फ्रेंच सागरी पोलिसांच्या एका हवालदाराने त्यांना पकडले आणि मागून धावत आलेल्या पहारेकऱ्यांसह पुन्हा बोटीवर नेले. 9 जुलैला सकाळी ‘मोरिया’ निघाली. उरलेला प्रवास सावरकरांनी बेड्यांत आणि कडक पहाऱ्यात काढला.

पोर्ट सैद, सुएझ, तांबडा समुद्र, एडन. इथे गोष्टीला वळण लागते आणि बहुतेक सांगणारे इथेच घसरतात. ‘मोरिया’ ऑस्ट्रेलियाच्या टपालमार्गावरची बोट होती. एडनहून तिचा रस्ता कोलंबोकडे आणि तिथून पुढे दक्षिणेला जाई, मुंबईकडे नाही. मुंबईचे टपाल आणि उतारू एडनला उतरवून दुसऱ्या बोटीवर चढवले जात. त्यासाठी कंपनीने एक खास जलद बोट ठेवली होती. तिचे नाव ‘साल्सेट’. सावरकरांना एडन बंदरात ‘मोरिया’वरून ‘साल्सेट’वर हलवले गेले आणि 22 जुलै 1910 रोजी ‘साल्सेट’ मुंबईला पोचली.

‘साल्सेट’ही 1908 सालचीच, पण स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकच्या केअर्ड कारखान्यातली. टनभाराने ‘मोरिया’च्या साधारण निम्मी, जेमतेम 5,800 टनांची. कंपनीच्या इतर बोटी काळ्या, हिचे अंग मात्र पांढरे, धुराडी पिवळसर. एखाद्या श्रीमंताच्या नौकेसारखी देखणी आणि 20 नॉटपर्यंत वेगाने जाणारी ही बोट एडन ते मुंबई अशा खेपा करण्यासाठीच बांधलेली. तिचे नाव तर अस्सल इथल्या मातीतले. मुंबईच्या उत्तरेच्या साष्टी बेटाला पोर्तुगिजांनी ‘साल्सेत’ म्हटले, इंग्रजांनी त्याचे ‘साल्सेट’ केले. साष्टीच्या नावाची बोट मराठी कैद्याला घेऊन मुंबईला आली, हा योगायोग मराठी वाचकापर्यंत फारसा पोचलेलाच नाही. ‘मोरिया’च्या दोन दिवसांच्या थांब्यावर शेकडो पाने खर्ची पडली, ‘साल्सेट’वर एखादी ओळ.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर बेसिल स्कॉट, सर नारायण चंदावरकर आणि हीटन अशा तिघांच्या विशेष न्यायासनासमोर 15 सप्टेंबर 1910 रोजी खटला उभा राहिला. डिसेंबरात पहिली आणि जानेवारी 1911 मध्ये दुसरी जन्मठेप काळ्या पाण्याची, म्हणजे एकूण पन्नास वर्षे. इकडे फ्रान्समध्ये समाजवादी नेते जाँ जोरेस आणि ‘ल्युमानिते’ या पत्रात लिहिणारे कार्ल मार्क्सचे नातू जाँ लाँगे यांनी हे प्रकरण लावून धरले. फ्रेंच भूमीवर पाय ठेवलेल्या माणसाला ब्रिटिश पोलिसांच्या हवाली कसे केले, असा त्यांचा सवाल होता. 25 ऑक्टोबर 1910 रोजी दोन्ही सरकारांनी वाद हेगच्या कायम लवाद न्यायालयाकडे सोपवला. बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेर्नार्ट अध्यक्ष होते. 24 फेब्रुवारी 1911 रोजी निवाडा आला : फ्रेंच हवालदाराने कैदी परत देण्यात अनियमितता झाली, तरीही त्याला फ्रान्सला परत देण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. बलाढ्य पक्षाच्या बाजूने झुकलेला हा निवाडा आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत ‘सावरकर प्रकरण’ या नावाने शिकवला जातो. जुलै 1911 मध्ये ‘महाराजा’ नावाच्या तिसऱ्या बोटीने सावरकर मद्रासहून अंदमानला पोचले.

ज्या बोटीने 1906 साली ते बॅरिस्टर होण्यासाठी मुंबईहून विलायतेला गेले, ती पी अँड ओचीच ‘पर्शिया’. तिला 30 डिसेंबर 1915 रोजी क्रीट बेटाच्या दक्षिणेला जर्मन पाणबुडीने बुडवले आणि तीनशेहून अधिक माणसे गेली. ‘मोरिया’ पहिल्या महायुद्धात नौदलाच्या कामाला लागली. जून 1918 मध्ये ‘लँडोव्हरी कॅसल’ ही कॅनडाची रुग्णनौका पाणबुडीने बुडवली, तेव्हा त्या भागातून जाताना ‘मोरिया’वरच्या खलाशांनी पाण्यावर तरंगणारी परिचारिकांची प्रेते पाहिली. युद्ध संपल्यावर ती पुन्हा उतारूंच्या कामी आली आणि 1930 साली जपानमधल्या कोबे इथे भंगारात विकली गेली.

भंगारात गेलेल्या बोटीचे काय होते, हे भिलाईसारख्या पोलादनगरीत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तापलेल्या रसाबरोबर भंगारही कन्व्हर्टरमध्ये पडते आणि नव्या पोलादात मिसळून जाते. मग त्याचा जुना पत्ता कोणाला सांगता येत नाही. भारतीय नौदलाच्या ‘विक्रांत’च्या बांधणीत भिलाईचेही पोलाद वापरले गेले, त्या पोलादाची नोंद उद्याच्या अभ्यासकाला सापडेल. ‘मोरिया’च्या बाबतीत ते दार बंद झाले. उडी ज्या पोर्टहोलमधून घेतली गेली त्याचे पितळ कशात वितळले, हे शोधण्याचा मार्ग उरलेला नाही.

‘साल्सेट’चे तसे झाले नाही. 20 जुलै 1917 रोजी जर्मन पाणबुडीने तिला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत, पोर्टलंड बिलच्या पश्चिमेला टॉर्पेडो मारून बुडवले. सावरकरांना घेऊन मुंबईला आलेली ती बोट आजही तिथेच, चाळीस मीटरहून खोल पाण्यात पडून आहे, आणि पाणबुडे ती पाहायला खाली उतरतात.