रक्त जातं कुठे?

मनू, ओवी, बसा इथे. छातीत दिवसरात्र धडधडतं ते नेमकं करतं काय, त्याची गोष्ट सांगतो.

अठराशे वर्षांपूर्वी रोमन राज्यात गॅलेन नावाचा एक वैद्य होता. तरुणपणी त्याने ग्लॅडिएटरांच्या जखमा शिवल्या होत्या, त्यामुळे माणसाचं शरीर आतून कसं असतं याची थोडीफार कल्पना त्याला होती. मोठा हुशार माणूस. त्याने सांगितलं, आपण जेवतो त्याचं यकृतात रक्त होतं, ते शिरांतून अंगभर पसरतं आणि तिथेच जिरून संपतं. रोज नवं जेवण, रोज नवं रक्त. ऐकायला पटतं की नाही? युरोपातल्या वैद्यांना ते चौदाशे वर्षं पटत राहिलं.

मग 1578 साली इंग्लंडमध्ये विल्यम हार्वे जन्मला. वैद्यक शिकायला तो इटलीत पादुआला गेला. तिथे त्याचे गुरू फाब्रिशियस शिरा उघडून आतल्या बारीक झडपा दाखवत. रक्त एकदम खाली लोटू नये म्हणून त्या असाव्यात, असं गुरूंना वाटे. शिष्याचं काही त्याने समाधान होईना.

ती झडप तुम्हाला आत्ताच दाखवतो. मनू, माझ्या दंडाला हा पंचा बांध. आवळ जरा, फार नको. बघा, शिरा कशा टरारून फुगल्या! मध्येच गाठीसारखा उंचवटा दिसतोय ना, तिथे झडप आहे. आता त्या गाठीच्या खाली, पंजाच्या बाजूला, शिरेवर बोट दाबून धर. ओवी, तू तुझ्या बोटाने तिथून शीर वर निपटत ने, गाठ ओलांडून कोपराकडे. हं, आता तुझं बोट उचल. मधला तुकडा सपाट झाला की नाही? वरचं रक्त गाठीपाशी येऊन अडलंय, खाली उतरतच नाही. मनू, आता तू बोट काढ. भरली ना झटकन? आणि भरली कुठून, तर पंजाकडून. म्हणजे या शिरेतलं रक्त एकाच दिशेने जातं, हृदयाकडे. गॅलेन तर म्हणत होता, शिरा रक्त बाहेर वाटत नेतात. सोडा तो पंचा, हाताला मुंग्या यायला लागल्या.

हार्वेने हाच प्रयोग चित्रांसकट आपल्या पुस्तकात छापला. 1628 सालचं ते पुस्तक, लॅटिनमधलं, अवघ्या 72 पानांचं. त्यात थेम्स नदीत मिळणाऱ्या एका छोट्या कोळंबीचीही हकीकत आहे. तिचं अंग काचेसारखं आरपार, त्यामुळे आतलं हृदय हलताना बाहेरूनच दिसायचं. तो ते मित्रांना बोलावून दाखवायचा. राजाचा वैद्य होता, पण कोळंबीपुढे बसायला त्याला कधी कमीपणा वाटला नाही!

पुस्तकातला सगळ्यात पक्का पुरावा मात्र साध्या गुणाकाराचा आहे. आजच्या आकड्यांनी तुम्हीच करा. मोठ्या माणसाचं हृदय स्वस्थ बसलेलं असताना मिनिटाला साधारण 70 ठोके देतं, आणि दर ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं. मिनिटाला झालं जवळजवळ पाच लिटर. तासाला तीनशे. पंधरा लिटरच्या वीस बादल्या! एवढं रक्त यकृताने दर तासाला नव्याने बनवायचं, तर आजीने पोळ्या लाटायच्या किती? अंगात रक्त आहे एकूण पाच लिटरच्या आसपास. तेव्हा तेच रक्त फिरून फिरून येत असलं पाहिजे. हार्वेने तर मुद्दाम आपल्या बाजूने पडणार नाहीत असे अगदी लहान आकडे धरले होते, तरी जुन्या मताचा हिशेब जुळला नाही. त्याची ही सचोटी मला फार आवडते.

एक दुवा तेवढा त्याच्या हाती लागला नाही. हृदयातून निघालेल्या रोहिण्यांतलं रक्त शिरांमध्ये शिरतं कुठून? हार्वे 1657 साली वारला. चार वर्षांनी इटलीतल्या माल्पीगीने बेडकाचं फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्याला रोहिण्या आणि शिरा जोडणारं केशवाहिन्यांचं जाळं दिसलं. त्या इतक्या अरुंद असतात की रक्तातल्या तांबड्या पेशींना एकामागून एक, अंग चोरून जावं लागतं.

आता सगळा फेरा जुळतो. हृदयाच्या उजव्या बाजूने रक्त फुप्फुसात जातं, ऑक्सिजन घेऊन डाव्या बाजूला येतं. डाव्या बाजूची भिंत चांगली जाड, कारण तिला डोक्यापासून अंगठ्यापर्यंत रक्त पोचवायचं असतं. आतड्यांतून जाणारं रक्त जेवणातली साखर उचलतं, पण थेट हृदयाकडे परतत नाही, आधी यकृतात जातं. म्हणजे अन्न यकृतात पोचतं हे गॅलेनचं म्हणणं अगदीच वाया गेलं नाही! मूत्रपिंडं तर दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि दीडएक लिटर सोडून सगळं परत रक्तात घेतात. हे सगळं चालतं ते फेऱ्यामुळे. पाच लिटरच रक्त, पण ते पुन्हा पुन्हा गाळायला येतं.

ओवी, तू विचारतेस ते बरोबर आहे. पायातलं रक्त चढ चढून वर येतं कसं? केशवाहिन्यांतून बाहेर पडेपर्यंत हृदयाने दिलेला जोर बराचसा संपलेला असतो. तिथे पोटऱ्या कामाला येतात. चालताना पोटरीचे स्नायू आवळले की आतल्या शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकतं, आणि मघाच्यासारख्या झडपा त्याला खाली येऊ देत नाहीत. शाळेत झेंडावंदनाला बराच वेळ ताठ उभं राहिलेलं एखादं पोर चक्कर येऊन पडतं ना, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. पोटऱ्या हलत नाहीत, रक्त पायात साचतं, मेंदूला कमी पडतं. आडवं केलं की लगेच डोळे उघडतं, कारण मग रक्ताला चढ उरत नाही. यंदा 15 ऑगस्टला भाषणं लांबली, तर बुटातल्या बुटात टाचा वरखाली करत राहा. कुणाला दिसतही नाही.