भंगारात घालण्याआधी व्हील कॅप पुसून बघा
निपाणी : जुन्या घराच्या माळ्यावर गाडीच्या चाकाच्या गोल व्हील कॅप सापडल्या की आपण त्या थेट भंगारात घालतो. थांबा, आधी मधलं चिन्ह पुसून बघा. शिडाचं जहाज असेल तर कॅप प्लायमाउथची. ते 'मेफ्लॉवर' जहाज. ही गाडी वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्यातल्या प्रीमियर कारखान्यातही जोडली जायची. बो-टायसारखी आकृती शेव्हर्लेची. तीन टोकांचा तारा मर्सिडीजचा : जमीन, पाणी, हवा.

पण चिन्हावरून कॅप ओळखता येते, गाडी नव्हे. कॅप कुणीही बदलू शकतो. म्हणून जुनी गाडी घेताना चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळवा. निपाणीची गाडी कोल्हापूरला कायमची न्यायची असेल, तर आरटीओचा ना-हरकत दाखलाही घ्या.